खाट क्रमांक सतरा

वाचायच्या चष्म्याची परीक्षा घ्यायला दुकानात एक कार्ड होतं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक, आणि सगळ्यात खाली इतकी बारीक की ती वाचता आली की माणूस उगाचच खूश व्हायचा. चोवीस वर्षं तो हेच कार्ड गिऱ्हाइकांच्या हातात देत आला होता आणि मोठी मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी ते खणखणीत वाचून दाखवत आली होती. त्या सोमवारी आलेल्या बाईंनी मात्र कार्ड बाजूला सारलं. निवृत्त शिक्षिका होत्या, गणिताच्या, हे त्यांनी पहिल्या खेपेलाच सांगून टाकलं होतं. मला जे वाचायचं असतं तेच वाचून बघते, तुमचं कार्ड वाचायला मी थोडाच चष्मा केलाय, असं म्हणत त्यांनी पर्समधून चौपदरी घडीचा कागद काढला, नवा चष्मा नाकावर चढवला आणि वाचायला लागल्या. खाट क्रमांक चार, एक तरुण, अपघात, पाय वाचावा म्हणून. खाट क्रमांक नऊ, कुणाची तरी आई, श्वास, रात्री नीट जाव्यात म्हणून. तो समोर उभा राहून त्यांच्या भुवयांकडे बघत होता, कारण चष्मा बरोबर नसला की आधी भुवयांना कळतं. भुवया शांत होत्या. "खाट क्रमांक सतरा," बाईंनी वाचलं, "एका गृहस्थांची पत्नी. पोटाचं दुखणं. उतार पडावा म्हणून." त्याच्या हातातलं काच पुसायचं फडकं खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि काउंटरच्या मागे जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

शब्द त्याचेच होते. आधी त्यानं ‘बरी व्हावी’ असं लिहिलं होतं, मग ते खोडलं होतं, कारण बरी होणार नाही हे डॉक्टरांनी दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं आणि देवाकडे खोटं मागायची त्याला लाज वाटली होती. म्हणून ‘उतार पडावा’. त्याला अकरा महिने होऊन गेले होते. बायको जाऊनही अकरा महिने. बाई मात्र वाचतच होत्या, अठरा, वीस, सव्वीस, आणि कागद संपल्यावर चष्मा काढून समाधानानं म्हणाल्या की झकास झालाय. हे कसलं, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंना तेवढंच हवं होतं. इस्पितळात तळमजल्यावर चॅपल आहे, तिथं भिंतीला एक पेटी आहे, लोक तीत चिठ्ठ्या टाकतात. दर बुधवारी तीन वाजता आम्ही नऊ जणी जमतो आणि यादी वाचून एकेकासाठी मागतो. नावं लिहायची नाहीत हा नियम, कागद कुणाच्याही हाती पडू शकतो. नुसती खाट, नातं आणि दुखणं. नाव ज्याला कळायला हवं त्याला कळतं. आणि दुसरा नियम असा की कुणी येऊन सांगितल्याशिवाय खोडायचं नाही. पण सांगायला येतंय कोण? बरे झालेले विसरतात, आणि बाकीच्यांचं तर काय बोलावं. म्हणून यादी त्रेचाळीसवर गेली होती. हे सतरा नंबरचे गृहस्थच बघा, बाई म्हणाल्या, चिठ्ठी टाकून गेले ते गेलेच, वर्ष होत आलं. बरी झाली असेल, तो म्हणाला. झाली असेल तर दोन शब्द सांगायला काय जातं माणसाचं, असं म्हणून बाईंनी कागदाची घडी घातली.

मग त्यानं जे केलं ते चोवीस वर्षांत कधी केलं नव्हतं. चष्मा हातात घेऊन उजेडासमोर धरला, डोळा बारीक केला, आणि डावी काच केसभर तिरकी बसलीय, परत बसवावी लागेल, गुरुवारी न्या, असं सांगितलं. काच तिरकी नव्हती. बाई म्हणाल्या, अहो पण मला बुधवारी तीनला लागतो, जुन्यावर मी परवाच बसले, त्याचे दोन तुकडे झाले. तो म्हणाला, गुरुवारशिवाय होणार नाही. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मालकांनी मान वर करून बघितलं, कारण काच बसवायला वीस मिनिटंही लागत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या कामात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. बाई कुरकुरत गेल्या. त्यानं चष्मा एका पाकिटात घातला, पाकिटावर काहीच लिहिलं नाही, आणि ते खणात अगदी आत सरकवलं. यादी वाचली जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

घरी जाताना तो नेहमीच्या रस्त्यानं गेला, पण दोनदा चुकीच्या वळणावर थांबला. अकरा महिने आठवड्यामागून आठवडा नऊ बायका, ज्यांची तोंडंही त्यानं पाहिली नव्हती, त्याच्या बायकोला उतार पडावा म्हणून मागत होत्या, आणि ती मातीखाली होती. आधी त्याला हसू आलं. मग राग आला, म्हणजे नेमका कुणाचा ते न कळता आलेला राग. आणि जिना चढताना, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, आणखी एक गोष्ट मनात आली: त्या कागदावर ती अजून आजारी होती. अजून खाटेवर होती, तिला अजून उतार पडू शकत होता. सगळ्या जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथं ती गेलेली नव्हती. आणि ती जागा पुसायची असेल तर त्यानंच जाऊन तोंडानं सांगायला हवं होतं. तो पायरीवर बसला. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन चढत आली, तिनं विचारलं बरं नाही का, आणि तो म्हणाला, गुडघा.

त्रेसष्ट दिवस. तो दिवस मोजणाऱ्यांतला नव्हता, पण हे मोजले गेले होते. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर खिडकीकडची खाट, आणि तिच्याशेजारी एक स्टूल, ज्याचा एक पाय आखूड होता. पहिले आठ दिवस तो त्या स्टुलावर डुगडुगत बसला. मग बायकोच म्हणाली, अहो, तुम्ही डुललात की मला बोटीत बसल्यासारखं होतं, काहीतरी करा त्याचं. त्यानं दुकानातून वाचायचं एक जुनं कार्ड आणलं, आठ घड्या घातल्या आणि आखूड पायाखाली सारलं. ती हसली होती. तिच्या हसण्यात तेव्हा आवाज राहिला नव्हता, नुसते खांदे हलायचे. तीच घरातली प्रार्थना करणारी. तो रविवारी चर्चमध्ये जायचा, उठायचं तेव्हा उठायचा, बसायचं तेव्हा बसायचा. तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात की कपाट उभं केल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. ती स्वतः स्वयंपाकघरात, चुलीसमोर, एक डोळा मिटून आणि एक डोळा दुधावर ठेवून प्रार्थना करायची. एकदा त्यानं चिडवलं होतं, की देवाला असा अर्धाच डोळा चालतो का. दूध उतू गेलेलं त्यालाही आवडत नसेल, ती म्हणाली होती. तिचं असं होतं. देवाशी तिचं शेजाऱ्याशी असावं तसं येणंजाणं होतं; त्याचं मात्र कचेरीत गेल्यासारखं, अर्ज घेऊन, तोही अडलं तरच.

सात वाजता मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असायची, नोकरी, नवरा, लहान मूल, आणि रोज सातला फोन. जेवलात का बाबा, औषध घेतलंत का बाबा. तो हो म्हणायचा. प्रार्थना करत जा बाबा, आईला बरं वाटेल, असंही ती अधूनमधून म्हणायची, आणि त्यालाही तो हो म्हणायचा, आणि ते खोटं असायचं. अकरा महिन्यांत त्यानं एक शब्दही काढला नव्हता. रविवारी जात होता, कपाटासारखा उभा राहत होता, इतरांचे ओठ हलले की आपलेही हलवत होता. पण आत काही नव्हतं. नव्हतं म्हणजे, होतं ते तो तोंडाशी येऊ देत नव्हता. आज मुलगी म्हणाली की तिला आई स्वप्नात दिसली, आणि मग नेहमीचंच म्हणाली, की एवढं तरी बरं बाबा, की शेवटी तुम्ही हात धरून बसला होतात, मला त्याचाच आधार आहे. तो म्हणाला, हो. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. बोटांच्या टोकांना काच घासून घासून ठसेच राहिले नव्हते, कुठं सरकारी कागदावर अंगठा द्यायचा म्हटलं तर नुसता डाग उठायचा.

कारण तो हात धरून बसला नव्हता. मंगळवारी दिवसभर दुकानात काचा घासताना, चाकावर पाणी ठिबकत असताना आणि पांढरा गाळ बोटांवरून ओघळत असताना तो हेच परत परत बघत होता. त्रेसष्टावा दिवस बुधवार होता. दुपारी अडीचला ती गुंगीत गेली आणि परिचारिका म्हणाली, जरा चेहरा धुऊन या, तुमच्याकडे बघवत नाही. तो खाली उतरला. चेहरा धुतला नाही, चॅपलमध्ये गेला. छोटी खोली, सहा बाक, समोर एक साधा लाकडी क्रूस आणि कुणीतरी ठेवलेली कागदी फुलं. आत कोणी नव्हतं. मागच्या बाकावर त्यानं गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी शिकवलेले नाहीत असे, स्वतःचे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले. आता पुरे. मी दमलो. ने तिला आता. हे त्यानं तिच्या वेदनेसाठी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती; तसं लोक म्हणतात, पाळकसाहेबही म्हणतात, सुटली बिचारी. पण त्याला नेमकं माहीत होतं की त्या क्षणी त्याला तिची वेदना आठवतही नव्हती. त्याला आडवं व्हायचं होतं. त्याला आपली गादी आठवत होती, तिचा निळा पट्टा, उशीचा वास. गादीसाठी त्यानं बायको देऊ केली. आणि मग तो तिथंच बाकावर कलंडला आणि झोपला. जाग आली ती बायकांच्या कुजबुजीनं. डोक्याखाली गुडघे टेकायची लाल उशी होती, ती आपण कधी घेतली ते त्याला आठवेना. कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणं तो अजूनही स्वतःला माफ करू शकला नव्हता. वर गेला तर खाटेभोवती पडदा ओढलेला होता. वीस मिनिटं झाली, परिचारिका म्हणाली, तुम्हाला शोधलं आम्ही. आणि संध्याकाळी मुलगी धापा टाकत आली, पहिला प्रश्न तिनं तोच विचारला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, हो, हात धरून बसलो होतो.

म्हणजे त्याची एकच प्रार्थना ऐकली गेली होती आणि ती ही. माणूस अशा दाराशी पुन्हा कसा जाणार? न ऐकणाऱ्या देवाशी त्याला जमवून घेता आलं असतं, निम्मं जग घेतंच. पण इतक्या तत्परतेनं ऐकणाऱ्यापुढं तोंड उघडायची त्याला धास्ती वाटत होती. मुलीसाठी काही मागावं तर भलतंच काही निसटून जाईल. म्हणून तोंडाला कुलूप. आणि आता हे नवीनच, की तो झोपेचा सौदा करत होता त्याच खोलीत नऊ जणी कागद वाचून उलट मागत होत्या. संध्याकाळी मालकांनी विचारलं, त्या बाईंच्या काचेचं काय झालं. होईल, तो म्हणाला. मालक म्हणाले, झालेलीच आहे असं मला वाटतं, आणि दिवे बंद करायला निघून गेले. त्यांच्या आवाजात चढ नव्हता, पण त्याचे कान तापले. बाईंना त्यानं फसवलं होतं. बेचाळीस दुसऱ्या खाटा होत्या त्या कागदावर. एक पाय होता, कुणाचा श्वास होता. आपली एक ओळ झाकायला त्यानं सगळ्यांवरच पडदा टाकला होता. हे कळल्यावरही त्याला फार वाईट वाटलं नाही, नुसता आणखी थकवा आला.

बुधवारी त्यानं अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि पाकीट खिशात घालून निघाला. चष्मा द्यायचा, तोंडानं सांगायचं, ओळ खोडून घ्यायची आणि परत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं. पण पोहोचला तेव्हा दोनच वाजले होते, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी चार दाबलं होतं, आणि तो उतरला. जंतुनाशकाचा तोच वास. फरशीवरची तीच भेग, ज्यावर औषधांची गाडी अडायची. सतरा नंबरवर एक म्हातारी होती, इतकी लहानखुरी की पांघरुणाखाली कुणी आहे की नाही याचा संशय यावा. स्टुलावर पस्तिशीचा एक माणूस बसला होता, बस चालवणाऱ्याचा गणवेश अंगावर, टोपी गुडघ्यावर, डोळे लालभडक. स्टूल डुगडुगत नव्हतं. त्यानं वाकून पाहिलं तर आखूड पायाखाली आठ घड्यांचं कार्ड होतंच, कडा काळ्या पडलेल्या, आणि वरच्या घडीवर मोठी अक्षरं अजून वाचता येत होती. मधल्या अकरा महिन्यांत या स्टुलावर किती जण बसून गेले असतील, आणि सगळे नीट बसले होते.

ड्रायव्हरला वाटलं, हा कुणी ओळखीचा. त्यानंही ताकास तूर लागू दिली नाही. आई, ड्रायव्हर म्हणाला, एकोणतीस दिवस झाले. भाऊबीऊ कोणी नाही, सकाळची पाळी करून इथं, संध्याकाळी परत पाळी, काल सिग्नलला उभ्या उभ्या डोळा लागला आणि मागं चाळीस माणसं बसलेली. हे सगळं तो दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होता. मग त्यानं संकोचून विचारलं, "दहा मिनिटं बसाल का? जरा खाली जाऊन येतो." तो बसला. नाही म्हणायचं सुचलंच नाही. दहाची वीस झाली, वीसची चाळीस. म्हातारीच्या छातीतून पिशवी चुरगळल्यासारखा आवाज येत होता, मधेच थांबायचा, आणि तो थांबला की यालाही श्वास घेववत नव्हता. ही आत्ता गेली तर? मुलगा खाली आणि मी इथं. हा विचार आला तसा तो ताठ बसला आणि डोळे न मिटता त्या छातीकडे बघत राहिला. तीनला पाच कमी असताना परिचारिका आली, मलमपट्टी बदलायची आहे, पंधरा मिनिटं बाहेर थांबा म्हणाली, आणि तिनं पडदा ओढला. कड्या सळईवरून सरकल्याचा तो आवाज ऐकून त्याचे पाय आपोआप जिन्याकडे वळले.

चॅपलच्या दाराशी तो थबकला. बायका जमल्या होत्या, नऊच असाव्यात, बहुतेक पिकल्या केसांच्या. गणिताच्या बाई यादी हातभर लांब धरून, मान मागं टाकून, चिडल्यासारख्या बघत होत्या. आणि मागच्या बाकावर, त्याच बाकावर, ड्रायव्हर आडवा झाला होता. टोपी जमिनीवर पडली होती, तोंड उघडं होतं, एक पाय बाहेर लोंबत होता. एक बाई म्हणाली, उठवू का याला, घोरतोय. गणिताच्या बाईंनी कागद खाली ठेवला, पुढच्या बाकावरची लाल उशी उचलली, मागं आल्या, आणि पेपर तपासताना गुण द्यावेत इतक्या सरावानं त्या माणसाचं डोकं एका हातानं उचलून उशी खाली सरकवली. टोपी उचलून त्याच्या पोटावर ठेवली. "दर बुधवारी कुणीतरी असतंच या बाकावर," त्या म्हणाल्या. "आपणच हळू वाचू."

दाराची चौकट धरून तो उभा राहिला. अकरा महिने त्याला वाटत आलं होतं की ती झोप त्यानं चोरली, कुणाचं लक्ष नसताना. कुणाचं तरी लक्ष होतं. कुणीतरी आलं होतं, बघितलं होतं, हाताच्या तळव्यात त्याचं डोकं तोललं होतं, आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून हळू आवाजात त्याच्याच बायकोसाठी मागितलं होतं. त्याला रडू आलं नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. पुढं होऊन त्यानं खिशातलं पाकीट बाईंच्या हातात दिलं. काच सरळच होती, तो म्हणाला, मी खोटं बोललो. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा चढवला, आणि का ते न विचारता बसा म्हणाल्या. वाचायला लागल्या. चार. नऊ. प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबायचं, माना खाली, कुणीतरी दोन वाक्यं बोलायचं, आमेन. बारा. पंधरा. त्याला वाटत होतं की अजून एखादी ओळ मधे असावी.

"खाट क्रमांक सतरा," बाई म्हणाल्या. "एका गृहस्थांची–"

"ती गेली," तो म्हणाला. "अकरा महिने झाले. ते गृहस्थ मीच."

माना वर झाल्या. आता थांबलो तर परत कधी बोलणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून तो क्रूसाकडे नाही, बायकांकडे नाही, समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बोलत राहिला. मी मागितलं म्हणून गेली. याच खोलीत मागितलं. तिचं दुखणं बघवेना म्हणून नाही, मला झोप हवी होती म्हणून. आणि मागून झाल्यावर खरोखरच झोपलो. ती वर एकटी गेली. मुलीला सांगितलं की हात धरून बसलो होतो, ती अजून त्याच आधारावर आहे. त्याचा आवाज एकाच सुरात, हिशेब सांगितल्यासारखा येत होता. बोलून झाल्यावर खोलीत फक्त ड्रायव्हरचं घोरणं राहिलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्या बुधवारी आम्ही नऊ जणी इथं तिला उतार पडावा म्हणून मागत होतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटे म्हणत होतात, ने. नऊविरुद्ध एक. आणि ऐकलं कुणाचं, तर तुमचं? बरीच वट दिसते तुमची वरती."

मागच्या एक आजी फिसकन हसल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला. त्याच्याही नाकातून काहीतरी निघालं, हसूच असावं, फार दिवस न वापरलेलं. बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचा आवाज खाली आला. "दमलेला माणूस दमलो म्हणतो. ते वरच्याला कळतं. आम्हाला कळतं तर त्याला नाही का कळणार? पण एक चुकलंच तुमचं. आम्हाला सांगितलं नाहीत. वर्षभर मागत होतो तिच्यासाठी. ओळख झाली होती आमची. आम्हालाही रडायचं होतं." हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं. आपल्या बायकोसाठी आणखी कुणाला रडायचं असेल, आणि ते आपण अडवून ठेवलं असेल, असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका बाईंनी तिचं नाव विचारलं. नियम मोडूनच विचारलं. त्यानं सांगितलं. अकरा महिन्यांत ते नाव त्यानं मोठ्यानं घेतलं नव्हतं, आणि ते नऊ तोंडांनी, हळू, पुन्हा उच्चारलं. मग बाईंनी पेन्सिल काढली आणि सतरावर एक सरळ रेघ मारली. गणिताच्या बाई, रेघ पट्टीनं मारल्यासारखी आली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, किंवा दुखणं नंतर येणार होतं.

"आता तिथं कोण आहे?" बाईंनी पेन्सिल न ठेवताच विचारलं.

एक आई, तो म्हणाला, आणि मागच्या बाकाकडे हात केला. हा तिचा मुलगा. एकोणतीस दिवस झाले. दुखणं काय, बाईंनी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. मग काय लिहू, म्हणाल्या. तो विचार करत उभा राहिला, आणि वर पडदा ओढलेला आहे हे त्याला एकदम आठवलं. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी वर जातो, तो म्हणाला, तिच्याजवळ कुणी नाही. याला उठवू नका. लिफ्ट वरच्या कुठल्या तरी मजल्यावर अडकून पडली होती, म्हणून तो जिन्यानं निघाला, आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला धाप लागली.

पडदा उघडा होता. पांघरूण वरखाली होत होतं. तो स्टुलावर टेकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून श्वास जमवत राहिला. खिडकीतून दुपारचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. हे ऊन चारपर्यंत उशीजवळ येतं हे त्याला पाठ होतं. म्हातारीनं डोळे न उघडता हात पांघरुणाबाहेर काढला आणि चादरीवर चाचपायला लागली. आलास का रे, असं काहीसं म्हणाली. तो क्षणभर घुटमळला. मग ठसे नसलेली आपली बोटं त्यानं पुढं केली. "तो खाली झोपलाय, आजी," तो म्हणाला. "मी बसलोय." तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण तिनं हात सोडला नाही. हाड न् हाड लागत होतं, तळवा मात्र गरम होता. सातला फोन येईल, त्याला आठवलं. आज हो म्हणता येणार नाही. मुलगी रडेल, कदाचित दोन दिवस फोन करणार नाही. ते ते तेव्हा. म्हातारीच्या छातीतला आवाज थांबला. तो मोजायला लागला, एक, दोन, तीन, चार, आणि कुठंतरी मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की ओठ हलतायत ते आकड्यांसाठी नाही. इतक्यात नको, तो म्हणत होता. ऐकतोयस ना. त्याची झोप होईपर्यंत तरी थांब. आवाज परत सुरू झाला. त्यानं हात तसाच धरून ठेवला आणि दाराकडे बघत बसून राहिला.